हात न लावलेलं पोट

इंदूबाई ठकूबाईच्या ओटीवर उताणी पडून भांडत होती. मी मैना, शेजारचीच. भाताच्या आवणीला रोपं देऊन बांधावरनं घरी येत होते, ते चिखलाच्या पायांनी तिथंच थांबले.

"चोळ म्हनते ना. बेंबी सरकलीय माजी, दुसरं काय नाय."

ठकूबाईनं तेलाची वाटी बाजूला सारली. "नाय सरकली. मी दाबलं तवा गप होतीस, बोटं उचलली तवा वरडलीस. असलं पोट चोळायचं नसतं. दवाखान्यात जा."

ठकूबाईचा हात सगळ्या गावाला ठाऊक. कुणाची बेंबी सरकू दे, कुणाच्या पोटात गोळा येऊ दे, ती हलक्या हातानं चोळून जागेवर आणणार. तिच्या घरचं पाणी प्यायला ज्या आढेवेढे घ्यायच्या, त्या बायापण पदर बाजूला सारून तिच्यापुढं झोपायच्या. पण कर्जतच्या अंगाला नदीकाठी एक सेंटर निघालं. तिथं मुंबईची मॅडम मऊ गादीवर झोपवते, बारीक आवाजात गाणी लावते आणि आतड्यांवर असा हात फिरवते की माणसाला झोप लागावी. इंदूबाई महिन्याला तिकडं जायची आणि येऊन ठकूबाईच्याच दारात सांगायची, "तिथं कसं, सगळं शास्त्रानं असतं." सोमवारी सेंटर बंद, म्हणून आज ही पायरी चढली होती.

"मी तिकडं जाते म्हनून राग काढतीस तू."

"राग असता तर चोळलं असतं," ठकूबाई म्हणाली.

इंदूबाई भिंतीला धरत, वाकत घरी गेली. दवाखान्यात काय गेली नाही.

ठकूबाईची सून, तिच्या मिलिंदची बायको स्नेहल, त्याच सेंटरच्या काउंटरला बसायची. सासू काय करते ते तिनं तिथं कुणाला कळू दिलं नव्हतं. घरी तिच्या मैत्रिणी आल्या की तेलाची वाटी फडताळात जायची. संध्याकाळी ती बाजारातनं आल्या आल्या ठकूबाईनं तिला गाठलं.

"उद्या इंदू तिकडं येईल. मॅडमला सांग, पोटाला हात लावू नका."

"आई, मी पावत्या फाडते. माझं कोन ऐकनार?"

"माझं नाव सांग."

"तुमचं नाव तिथं कुनाला म्हाईत हाय?"

"मग कर की म्हाईत."

सकाळी इंदूबाई नवऱ्याच्या, सहदेवच्या खांद्याला लटकत सेंटरात आली. तोंड पांढरंफटक, अंगात ताप. पुढचं मला स्नेहलनं नंतर सांगितलं. पावतीपुस्तक तसंच टाकून ती मॅडमच्या खोलीत शिरली.

"मॅडम, माझी सासू पोट बघते. तीस वर्षं झाली. यांना हात लावायचा नाही असं तिनं सांगितलंय."

"का?"

स्नेहलनं सासूकडून ऐकलेलं ते बोटं उचलल्यावर ओरडल्याचं सांगितलं. ऐकता ऐकता मॅडमचा चेहरा उतरला. तिनं इंदूबाईला गादीवर टेकूसुद्धा दिलं नाही. स्वतःच्या गाडीत घातलं आणि थेट हॉस्पिटलात नेलं. दुपारपर्यंत ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टर सहदेवला म्हणाले, "नशीब, कुणी चोळलं नाही."

आठ दिवसांनी इंदूबाई घरी आली आणि खाटेवर पडून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, "मॅडमनी नुसतं तोंड बघून वळखलं. याला म्हनतात शास्त्र."

सहदेवनं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मॅडमचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. मॅडम दोनदा म्हणाली, "अहो, खरं म्हणजे..." पण माइक सहदेवच्या हातात होता आणि तो काय सोडत नव्हता. ठकूबाई मागं आमच्यात बसून टाळ्या वाजवत होती.

मी तिला कोपरानं ढोसलं. "तू का बोलत नायस गं?"

"बाई जगली ना? आता चारचौघांत तिला लाजवून काय करू?"

सत्कार उरकला तशी मॅडम स्नेहलला घेऊन, चपला हातात धरून, चिखल तुडवत ठकूबाईच्या घरी आली. म्हणाली, "मावशी, एकदा सेंटरवर या. मला शिकवा." फडताळातली वाटी स्नेहलनंच काढून सासूच्या हातात दिली.

पुढच्या सोमवारी, सेंटरच्या सुट्टीच्या दिवशी, ठकूबाई धुवट लुगडं नेसून गेली. तिन्हीसांजेला परत आली ती माझ्या पायरीवर टेकली.

"शिकवलंस का?"

"कुठलं? ती म्हनाली, मावशी, आधी तुमचं पोट बघू का?"

"मग?"

"मग काय, झोपले." तिनं पायावरचा चिखल खरवडला. "मैना, सगळ्या गावाची पोटं चोळली मी. माज्या पोटाला कुनी हात लावला नव्हता गं. मिलिंदच्या टायमाला सुईनीनं लावला, तेवढाच. डोळाच लागला मला."

मी तिला चहा दिला. तिनं तो बशीत ओतून निववला आणि संपवला.

"हात बरा हाय पोरीचा," ती उठता उठता म्हणाली. "जरा भीत भीत धरते. शिकंल."