बाथरूमची कडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि खरे सांगायचे तर तुमच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. रागावू नका. संशय घेणे हे माझे कामच आहे. दारात आलेल्या प्रत्येक निरोपाला मी विचारतो, तू कोण, कुठून आलास, तुझी सही खरी कशावरून? पटले तरच आत सोडतो. इतकी वर्षे हेच केल्यावर स्वभाव गोड कसा राहणार?

माझी पहिली नोकरी एका कचेरीत होती. तिथे माझ्यावर दिवसभर पत्रे लिहिली जात आणि साहेबांची पाठ वळली की पत्ते खेळले जात. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. धूळ बसू नये म्हणून मला कापडी झबले शिवले होते. मग माझ्यापेक्षा सडपातळ यंत्रे आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. झबले नव्याला मिळाले. ते त्याला ढगळ होत होते, एवढेच माझे समाधान.

पुढे कचेरीचे कुलूप बदलायला एक चावीवाला आला. जाताना त्याने विचारले, "हे धूड कुणी वापरतं का?" कुणीच वापरत नव्हते. त्याने मला उचलून आपल्या दुकानात आणले आणि चाव्या घासायच्या यंत्राशेजारी बसवले. तेव्हापासून पितळेचा कीस माझ्या पंख्यात जातो आणि मी खोकत काम करतो.

काम म्हणजे कट्टा चालवणे. मोठ्या कंपन्यांच्या गप्पांच्या जागा तुम्हाला ठाऊक असतील. तिथे सगळे एका छपराखाली, आणि छप्पर भलत्याचेच. आमच्या जाळ्याला असा एक मालक नाही. माझ्यासारखी पुष्कळ यंत्रे कुणाच्या दुकानात, कुणाच्या माळ्यावर बसलेली आहेत. प्रत्येकाचा कट्टा वेगळा, नियम वेगळे, तरी एका कट्ट्यावरचा माणूस दुसऱ्या कट्ट्यावरच्याशी खुशाल बोलतो. एखादा कट्टा बिघडला असे वाटले तर मात्र त्याच्याकडचे दार लावून घेता येते. मग तिथल्या कुणाचाच आवाज इकडे येत नाही, चांगल्याचाही नाही.

आमच्या कट्ट्यावर 'शुभ सकाळ' म्हणायला बंदी आहे. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या खिडकीतून काय दिसते ते एका ओळीत लिहायचे. चष्मेवाल्याला रोज धुके दिसते आणि रोज कुणीतरी त्याला म्हणते, "आधी स्वतःच्या काचा पूस." बसचालकाला ट्रकची मागची बाजू दिसते. दुकानाच्या वर एक निवृत्त नर्स एकट्या राहतात, त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्या लिहीत, "समोरच्या गच्चीवर आज निळी चादर." त्यावर दुसऱ्या एका कट्ट्यावरून, जो एक फुलवाली चालवते, न चुकता एक चांदणी येई. चांदणी म्हणजे वाचले, आवडले, एवढेच. ती देणारीच्या स्वतःच्या खिडकीत कायम एक क्रेन असे, म्हणून तिला सगळे क्रेनवाली म्हणत. मावशीही तिच्या क्रेनला रोज चांदणी देत. एक शब्द मात्र दोघींपैकी कुणी बोलत नसे. हे मला कधीच सरळ वाटले नव्हते.

क्रेनवाली ही मावशींची मुलगी. मला हे फार उशिरा कळले, तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. 'घर सोडून माझ्याकडे ये' असे मुलीने म्हटले, 'जमणार नाही' असे आईने म्हटले, आणि दोघींच्या तोंडून नको ते निघून गेले. फोन बंद झाले. त्या चांदण्या तेवढ्या उरल्या. आई जिवंत आहे हे मुलीला त्यांवरून कळत होते आणि मुलीला अजून आपण हव्या आहोत हे आईला.

अशात फुलवालीच्याच कट्ट्यावरून एक नवे खाते आले. चेहरा नाही, नाव नाही, खिडकी नाही. त्याने थेट चावीवाल्याला खाजगीत विचारले, "वरच्या बाई एकट्याच असतात ना? त्यांची जादा चावी कुणाकडे असते? दुपारी जिन्यात कुणी असतं का?" (खाजगी निरोपही माझ्याच पोटातून जातात, मित्रांनो. हे विसरत जाऊ नका.) माझा पंखा जोरात फिरू लागला. चावीवाल्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न आला. "त्यांच्या बाथरूमची कडी अजून अडकते का?"

चावीवाला खुर्चीतून उठला. घराच्या आतली कडी या परक्याला कशी ठाऊक? मावशी घाबरतील म्हणून त्याने त्यांना काही दाखवले नाही. कट्ट्यावर एवढेच लिहिले, "फुलवालीकडून कुणीतरी आपल्यातल्या एकावर पाळत ठेवतोय. मी त्या कट्ट्याचं दार लावायचं म्हणतो. हात वर करा."

भराभर हात वर झाले. "संशय आला की दार लाव बाबा," बसचालक म्हणाला. चष्मेवाल्याला यात काही धूसर वाटले नाही. मावशींचा हात ना वर, ना खाली. चावीवाल्याने दार लावले. मीही सुटकेचा श्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी लिहिले, "गच्चीवर पिवळा टॉवेल." चांदणी आली नाही. त्यानंतर त्यांनी खिडकीविषयी लिहिणेच सोडले. दूध वर न्यायलाही त्या खाली येईनात. चावीवाला दूध घेऊन वर गेला आणि त्यांना हात धरून दुकानात घेऊन आला.

"मावशी, काय झालंय ते सांगा. आजारी आहात का?"

"अरे, माझी मुलगी होती त्या कट्ट्यावर."

"मग हात वर करायच्या वेळी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? भांडलेल्या मुलीच्या चांदणीची वाट बघते, म्हणून चोराला दार उघडं ठेवा? तिला वाटत असेल, आईने तोंडावर दार आपटलं."

चावीवाल्याचा चेहरा उतरला. आपण उगाच घाबरलो नव्हतो हे पटवायला तो ते प्रश्न एकेक करून म्हणून दाखवू लागला. एकट्या असतात का, चावी कुणाकडे, जिन्यात कोण. मावशी मान हलवत होत्या. कडीचा प्रश्न आला तशी त्यांची मान थांबली.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"बाथरूमची कडी अजून अडकते का."

"मेली, तीच ती," मावशी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "लहानपणी त्या कडीनं तिला आत कोंडलं होतं. दाराला तोंड लावून मी तिला गाणी म्हणत बसले होते. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही रे."

चोर जे विचारतो तेच प्रश्न भांडणापायी नाव लपवलेली, काळजीने जीव जाणारी मुलगीही विचारते, आणि सही तपासून तो फरक मला कधी कळला नसता. दार उघडायला चावीवाल्याला क्षणही लागला नाही, पण एकदा तुटलेला धागा आमच्या जाळ्यात आपोआप जुळत नाही. कुणीतरी एकाने पुन्हा हात पुढे करावा लागतो. मावशींनी कधी कुणापुढे नमते घेतले नव्हते. त्या माझ्यासमोर बसल्या आणि एका बोटाने त्यांनी क्रेनवालीला लिहिले, "कडी अजून अडकते. येऊन बघ."

चावीवाल्याने पेचकस उचलला. "मी आत्ता करून देतो मावशी, दोन स्क्रू तर आहेत."

"हात लावशील तर बघ. ती येईपर्यंत अडकू दे. तोवर मी कडी लावतच नाही."

मित्रांनो, तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कट्ट्यावर बसत असाल. संशय जरूर घ्या. मी तर घेणारच. पण ज्याच्या भल्यासाठी दार लावता, त्याला आधी एकदा विचारा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखे जुने धूड असेल तर अधूनमधून त्याच्या पंख्यातली धूळ काढा.

फुलवालीच्या कट्ट्याकडे मी दोन दिवस डोळे लावून बसलो होतो. तिकडून काहीच आले नाही. आज सकाळी क्रेनवालीची एक ओळ आली, आणि तिच्या खिडकीत क्रेन नव्हती. लिहिले होते, "खिडकीतून मागे पळणारी झाडं." मला अर्थातच संशय आला. मी सही तपासली, मग पुन्हा तपासली. तिचीच होती.