योहिल्डच्या बाह्या

बाही पुन्हा बिघडली. एल्स्पाने ती मांडीवर पसरली, पहिली बाही शेजारी ठेवली, डोळे बारीक करून पाहिलं आणि सुया काढून घेतल्या. एक मनगटाशी आवळलेली, दुसरी कोपराशी ढगळ. दोन्ही एकाच माणसाच्या हातांसाठी विणल्यात असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तिने धाग्याचं टोक ओढलं आणि सकाळपासूनचं काम सरसर उसवत गेलं.

टेबलावर चार कप मांडलेले होते. बुधवार होता म्हणून मांडलेले. बरेच बुधवार झाले, त्यांतला एकच कप भरत होता, पण बाकीचे न मांडता बसणं काही तिला जमत नव्हतं.

मोबाइलमधली घंटा वाजली. भाचीने, बाइन्ताने, ती मुद्दाम घालून दिली होती. वेबसाइटवर कुणी स्वेटर मागवला की वाजायची. सुरुवातीला ती ऐकून एल्स्पाला बरं वाटायचं. आता ती मोबाइल पालथा घालून ठेवायची. घंटेपाठोपाठ बाइन्ताचा फोन आलाच.

"आत्या, बघितलंस का?"

"बघितलं नाही, ऐकलं."

"ओस्लोची बाई आहे. नाताळच्या आत हवाय म्हणते. होईल ना?"

"करते."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"आवाज बरा आहे गं. हात दुखतायत."

"मग त्या तिघींना दे ना थोडं काम. योहिल्डकाकूंना सांग. आणि उद्या सकाळी खिडकीपाशी बसून हातांचा एक छोटा व्हिडिओ काढून पाठव हं. हात लोकांना फार आवडतायत."

एल्स्पा हो म्हणाली आणि फोन ठेवला. पोरगी हुशार होती, राबणारी होती, आत्यासाठी जीव टाकणारी होती. पण काही गोष्टी तिच्या नाकासमोर ठेवल्या तरी तिला दिसत नसत.

हे सगळं सुरू झालं ते बंदरावरच्या लोकरीच्या दुकानाला टाळं लागल्यापासून. त्या दुकानात या चौघींचे स्वेटर जायचे. चौघी म्हणजे एल्स्पा, योहिल्ड, आर्मगर आणि मालान. तरुणपणापासून दर बुधवारी दुपारी एल्स्पाच्या घरी बसायच्या. एल्स्पा पाठ आणि पोट विणायची. योहिल्ड बाह्या करायची. आर्मगरकडे गळ्याभोवतीची नक्षी होती, आणि मालान सगळं शिवून, धाग्यांची टोकं आत दडवून, धुऊन वाळत घालायची. दुकानासाठी अख्खा स्वेटर चौघींपैकी एकीनेही कधी एकटीने विणला नव्हता. हा माझा, तो तुझा, असं नव्हतंच. स्वेटर बुधवारचा असायचा.

दुकान बंद झालं आणि एल्स्पा घाबरली. पैशासाठी नाही, तिला पेन्शन पुरत होती. पण चार बायका नुसत्या गप्पा मारायला जमल्या तर त्या गावात कसंतरीच दिसलं असतं. हातात काम असलं की तोंडाला मोकळीक. एल्स्पाने लग्न केलं नाही, भाऊ तिकडे राजधानीत, तोर्शाव्हनला, घरात माणसाचा आवाज म्हणजे बुधवारचा. काम गेलं की बुधवार जाणार हे तिला स्पष्ट दिसलं, आणि तिने भाचीला फोन करून विचारलं, ते इंटरनेटवर विकतात म्हणे, ते आम्हाला जमेल का.

बाइन्ता पुढच्याच बोटीने आली, कॅमेरा घेऊन. चौघी बसल्या होत्या, रुबार्बच्या आंबट देठांचा केक कापलेला होता.

"लोक स्वेटर विकत घेत नाहीत, काकू," तिने समजावलं. "ते गोष्ट विकत घेतात. चेहरा लागतो."

"मग अवघड आहे," योहिल्ड म्हणाली. "आमच्याकडे आहेत ते चेहरे सगळे वापरलेले."

"थट्टा नको. चौघींचे फोटो काढते ना? नावंही घालू खाली."

"छे गं, आमचे कशाला!" योहिल्ड म्हणाली. "आमची तोंडं बघून मेंढ्यासुद्धा लोकर परत मागतील."

"एल्स्पाचा काढ," आर्मगर म्हणाली. "तिचं नाक तरी सरळ आहे."

मालानने नुसतीच मान हलवली आणि केस जरा सारखे केले.

"बरं," बाइन्ता म्हणाली, आणि तिने कॅमेरा आत्याकडे वळवला.

तिथेच सगळं बिनसलं. त्या गावात पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं असतं. केक पुढे केला तरी नाही, पावसात गाडीतून सोडू का विचारलं तरी नाही. दुसऱ्यांदाही नाहीच, जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं बाई, एवढं म्हणतेस तर. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणाऱ्या माणसाबद्दल गावात वर्षभर बोललं जातं. बाइन्ता तोर्शाव्हनला वाढली, कोपनहेगनला शिकली. तिच्या लेखी नाही म्हणजे नाही. तिने एकदाच विचारलं.

एल्स्पाला मात्र ठाऊक होतं. 'अगं, पुन्हा विचार त्यांना,' एवढंच म्हणायचं होतं. मालानने केस सारखे केलेलेही तिने पाहिले होते. पण बाइन्ता तिला खिडकीपाशी बसवून तिचे केस विंचरत होती, गळ्याशी स्वेटर नीट करत होती. किती वर्षांत कुणी तिच्या केसांना हात लावला नव्हता. बाइन्ता म्हणाली, "आत्या, किती सुंदर दिसतेस गं तू," आणि एल्स्पाने काही म्हटलं नाही.

वेबसाइट झाली. नाव ठेवलं 'एल्स्पा विणते'. फोटो खरंच देखणा आला होता. खिडकीतला उजेड, मांडीवर लोकर, अंगात राखाडी स्वेटर. खाली लिहिलं होतं: फॅरो बेटांवरची एक स्त्री, एक खिडकी, सुयांची एक जोडी. प्रत्येक टाका एल्स्पाच्या हातचा.

पुढच्या बुधवारी मोबाइल चौघींत फिरला. योहिल्डने चष्मा वर सरकवून सगळं वाचलं, अगदी शेवटपर्यंत.

"छान आलाय फोटो," ती म्हणाली.

"ते लिहिणं बाइन्ताचं आहे गं. मी कुठे..."

"छान लिहिलंय की. विकले जातील."

बस, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. एल्स्पाने माफी मागितली असती, दोघी रडल्या असत्या, केक संपला असता. पण भांडायचं म्हणजे, माझं नाव का नाही, असं विचारायचं, आणि तसं विचारण्यापेक्षा योहिल्डने जीभ तोडून घेतली असती. पुढच्या वेळी ती आली ती नातवाचे मोजे घेऊन. बाह्यांचं विचारलं तर म्हणाली, आधी हे होऊ दे. मग आर्मगरचा गुडघा धरला. मग योहिल्डच्या मेंढ्यांचं काहीतरी निघालं. मालानने आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली नव्हती; ती सगळ्यांत शेवटी यायची थांबली.

आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट चालली. डेन्मार्कमधल्या, इंटरनेटवर पुष्कळ चाहते असलेल्या कुणा बाईने तो फोटो पुढे पाठवला आणि घंटा वाजायला लागली. एल्स्पा एकटी विणू लागली. पाठ-पोट तिचं स्वतःचंच होतं. गळ्याची नक्षी तिने आर्मगरचे हात आठवून आठवून बसवली. शिवणही कशीबशी जमली. बाह्या काही केल्या जमेनात. योहिल्डचा हात घट्ट, पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत सारखा. एल्स्पाचा हात मनाबरोबर बदलायचा. दमली की सैल, चिडली की घट्ट. आणि या दिवसांत ती दोन्ही होती.

ओस्लोची ऑर्डर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी टपालवाल्याने हॅम्बुर्गहून परत आलेलं पुडकं आणून दिलं. आत तिनेच विणलेला स्वेटर होता. तो मागवणाऱ्या बाईंनी सोबत फार सभ्यपणे लिहिलं होतं: स्वेटर सुंदर आहे, पण डावी बाही उजवीपेक्षा लांब भरते. फोटोत तुम्ही घातलेल्या स्वेटरच्या बाह्या फार सुरेख आहेत, तशा मिळतील का?

एल्स्पाने वेबसाइट उघडली. आपल्या चेहऱ्याकडे तिने इतके दिवस पाहिलं होतं, बाह्यांकडे नव्हतं पाहिलं. खिडकीच्या उजेडात दोन्ही दंडांवरून खाली उतरलेल्या, टाका टाक्याला चिकटलेला. त्या योहिल्डच्या होत्या. तिच्या अंगावर योहिल्डच्या बाह्या, आणि खाली लिहिलेलं, प्रत्येक टाका एल्स्पाच्या हातचा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने बाइन्ताला फोन लावला. "ते खालचं वाक्य काढ. चौघींची नावं घाल."

"आत्या, आत्ता? ऐन नाताळच्या तोंडावर? अगं लोक त्या वाक्यावरच घेतायत. एक बाई, एक खिडकी. उद्या चार नावं दिसली तर म्हणतील, आधी खोटं बोलत होतात."

"खोटंच बोलत होतो."

"अगं, पण मी विचारलं होतं त्यांना. नको म्हणाल्या त्या."

"एकदा विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

एल्स्पाने सांगितलं.

"तू तिथेच बसली होतीस ना, आत्या?" बाइन्ता हळूच म्हणाली. "मग बोलली का नाहीस?"

"तू केस विंचरत होतीस," एल्स्पा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर नावं चढली. एल्स्पा, योहिल्ड, आर्मगर, मालान, आणि कोण काय विणतं तेही. एल्स्पाने हॅम्बुर्गचा स्वेटर पिशवीत घातला आणि टेकडी चढून योहिल्डच्या घरी गेली. वारा समोरून होता, दोनदा थांबावं लागलं.

योहिल्ड स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. "ये," म्हणाली. एल्स्पा खुर्चीच्या कडेवर बसली. शेगडीवर कॉफीचं भांडं होतं, वाफही येत होती. योहिल्डने त्याला हात लावला नाही. त्या घरात कॉफीशिवाय बसण्याची एल्स्पाची ती आयुष्यातली पहिलीच वेळ.

तिने स्वेटर टेबलावर ठेवला. योहिल्डने हात पुसले, डावी बाही बोटांत धरून खालून वर चाचपली.

"ही कुणी केली?"

"मी."

"दिसतंय."

"परत आलाय. त्यांना तुझ्यासारख्या हव्यात. आणि ओस्लोचा मधल्या मापाचा राखाडी राहिलाय अजून."

योहिल्डने बाही खाली ठेवली. एल्स्पाने घसा साफ केला. "नावं घातली आज. चौघींची."

"कशाला? आम्ही कुठे मागितली होती?"

"नव्हती मागितली. मला कळायला हवं होतं. कळलंही होतं." एवढं बोलायलाच तिला धाप लागली. "बाइन्ता पुढच्या आठवड्यात येतेय. तुमचे फोटो काढायचेत."

"नको गं."

"चौघी एकत्र बसू, पहिल्यासारख्या. काढू दे ना तिला."

"नको, एल्स्पा."

एल्स्पाने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. सांधे सुजले होते. आता तिसऱ्यांदा विचारायचं होतं. आपण इतक्या उशिरा विचारतो आहोत याची तिला इतकी लाज वाटली की शब्द तोंडातल्या तोंडात राहिले, पण तिने ते बाहेर काढले, आणि फोटोचं सोडून खरं काय ते विचारलं. "योहिल्ड, बुधवारी येशील का?"

योहिल्डने बटाटा उचलला, उरलेलं साल एका दमात काढलं, बटाटा पाण्यात सोडला.

"नाही," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. "स्वेटर राहू दे इथे."

तिसऱ्यांदाचा नकार खरा असतो. एल्स्पा उठली, दार ओढून घेतलं आणि खाली उतरली. जाताना वारा पाठीमागून होता, तरी तिला वेळ लागला.

बुधवारी तिने सवयीने चार कप मांडले. विणायला घेतलं नाही, नुसतीच बसून राहिली. दुपारी बाहेरून कडीचा बारीकसा आवाज आला. ती घाईने उठली, पाय आखडले होते म्हणून टेबलाला धरून दारापर्यंत गेली आणि दार उघडलं. योहिल्ड रेनकोटात, मान खाली घालून, चढ चढत बरीच वर पोचली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती कदाचित. एल्स्पाने मारली नाही.

दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली होती. आत हॅम्बुर्गचा स्वेटर, दोन्ही बाह्या उसवून नव्याने विणलेल्या. त्याखाली आणखी बाह्या होत्या, राखाडी, ओस्लोच्या मापाच्या. ते माप योहिल्डने वेबसाइटवरच्या तक्त्यावरून काढलं असणार. जोडी हरवू नये म्हणून दोन्ही मनगटांपाशी लोकरीच्या तुकड्याने सैलशी गाठ मारलेली होती, योहिल्ड नेहमी मारायची तशी. चिठ्ठी नव्हती.

एल्स्पाने त्या बाह्या टेबलावर ठेवून हाताने सरळ केल्या. एक दुसरीपेक्षा केसभरही लांब नव्हती. गाठ सोडायला बोटं नेली आणि तशीच मागे घेतली. आत कुठेतरी मोबाइलची घंटा वाजली, मग पुन्हा एकदा वाजली. तिने एकेक करून तीन कप उचलले, फडताळात ठेवले, आणि बाह्यांसमोर येऊन बसली.