मोटारखोलीवरचं नाव

रविवारी सकाळी दारात तिघं परकी माणसं उभी. गळ्यात हातभर लांब कॅमेरे. त्यातला एक हसत मला विचारतोय, "आई, वृषभ आहेत का घरी?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. माझा वृषभ जाऊन चार वर्सं झाली. निपाणीच्या हायवेला गाडी घसरली, पोरगं परत घरात आलं न्हाय. रेशनकार्डावरनं त्याचं नाव कमी करा म्हटल्यावर मी हापिसात भांडून आलतो. आणि हे बाबा सकाळी सकाळी दारात येऊन इचारत्यात, हाय का घरात!

"कोण रं तुमी? कुणी पाठवलं?" मी असा आवाज चढवला की शेजारची मनुबाई पळत आली.

"रागावू नका आई. पाणमांजराची पिल्लं बघायला आलोय," म्हणत त्यानं मोबाइल पुढं धरला. बघतो तर काय, फोटो मीच काढलेला! दूधगंगेचा काठ, बिळातनं डोकावणारं पिल्लू, त्याची आई, आणि मागं आमची पाणी उपसायची मोटारखोली. भिंतीवर लाल अक्षरात ढोबळ लिवलंय: वृषभ भुजबली मगदूम, सदलगा.

ते नाव त्यानंच लिवलेलं. दहावी पास झाला आणि रंगाचा डबा घेऊन दिवसभर शिडीवर बसला. त्याचा बा म्हणाला, "मोटारीला कशाला रं नाव पायजे?" तर म्हणतोय, "आप्पा, नदीपलीकडं महाराष्ट्रातनं वाचता आलं पायजे." असलं येडं माझं पोरगं.

आता फोटो ह्यांच्या हातात कसा गेला? बेळगावात टिळकवाडीला एक केंद्र हाय. आसपासच्या गावात कुठलं जनावर, पाखरू दिसलं की माणसांकडनं त्याची नोंद गोळा करत्यात. त्या केंद्रातली पारमिता आमच्या बचतगटात आलती. म्हणाली, "आक्का, दिसलं की फोटो आणि जागा पाठवा. नेमकी जागा आम्ही फक्त सरकारी खात्यांना कळवतो, म्हणजे काठ उकरायच्या आधी त्यांना समजतं. बाकीच्यांना नकाशावर नुसता मोठा चौकोन दिसतो. त्यात पंधरा-वीस गावं येतात." पोरगी गोड, मला पटलं. पाठवला फोटो.

तिनं चौकोन बरोबर काढला. पण फोटो तसाच सगळ्यांना दिसंल असा लावला! जागा झाकली आणि पाटी उघडी ठेवली. आता हिला काय म्हणायचं?

मी मनुबाईला हे सांगत बसलो तोवर ते तिघं नदीकडं सटकली. मी मागनं पळालो. जाऊन बघतो तर एकजण बिळाच्या तोंडाशी उताणा, दुसरा वर ड्रोन उडवतोय. पाणमांजरी पाण्यात उडी टाकून कवाच गेली. आत पिल्लं शिट्टी मारल्यागत वरडत होती. माझं डोकंच फिरलं. नशिबानं लाइट होती. मोटार चालू केली आणि पाइप सरळ त्यांच्यावर धरला. "कॅमेरा, कॅमेरा!" करत तिघं उसातनं पळाली. कुणाचा बूट चिखलात राहिला, तो अजून तितंच हाय.

मग पारमिताला फोन लावला आणि तोंड सोडलं. पोरगी दुपारच्या एस्टीनं सदलग्यात हजर.

काठापासनं लांब, उसाच्या कडेला आमी उभारलो. पिल्लांचा आवाज तितनं पण येत होता.

"चूक माझी आहे आक्का. फोटोत मागं काय आहे ते मी बघितलंच नाही."

"ती आई परत येईल का, एवढंच सांग."

"शांतता मिळाली तर येईल. माणसं येत राहिली तर पिल्लांना सोडून जाईल. आईच्या दुधावरच आहेत अजून, मरतील."

"मग काढून टाक की गं तुझी नोंद!"

"फोटो काढलाय, पण तो कुठं कुठं गेलाय मला माहीत नाही. आणि नोंद काढली तर खात्याकडची जागेची माहितीपण जाईल. इथं काठाला दगड बसवायचं काम येणार आहे. मशीन सरळ बिळावर चालेल."

"मग करायचं काय?"

ती भिंतीकडं बघायला लागली. मी म्हटलं, "बोल की!"

"आक्का, त्या लोकांकडं नेमकी जागा नाही. फक्त हे नाव आहे. नाव नसलं तर काठावरच्या सगळ्या मोटारखोल्या सारख्याच दिसतात."

मालक, वृषभचा बा, मागं उभारलेलं मला ठाऊकच न्हवतं. "नावाला हात लावायचा न्हाय," एवढंच म्हणालं आणि घराकडं गेलं. चार वर्सं त्या भिंतीला त्यांनी चुन्याचं बोट लावू दिलं न्हवतं.

मला एका जागी बसवंना. घरात गेलो, चूल पेटवली, तशीच इझवली. परत उसाच्या कडेला आलो. पिल्लांचा आवाज बारीक होत चाललेला. परत घराकडं वळलो, तर मालक समोरनं येत होतं. एका हातात चुन्याची बादली, खांद्यावर शिडी. शिडी भिंतीला लावून घट्ट धरली, आणि तोंड नदीकडं फिरवलं.

चुना मीच मारला. पहिल्या हाताला लाल रंग दबंना, मागनं वृ दिसतच राहिला. दुसरा हात मारला. एकेक अक्षर झाकताना मी त्याला हाक मारत होतो, मोठ्यानं, मला लाज वाटली न्हाय.

दिवस बुडताना पाण्यावर एक काळं डोकं वर आलं. हिकडं तिकडं बघितलं आणि सर्रकन बिळात. आतला आवाज थांबला. पारमितानं माझा हात गच्च धरला. मी सोडवून घेतला, कारण राग गेला न्हवता.

पुढच्या रविवारी परत दार वाजलं. दोन पोरं, गळ्यात कॅमेरं, पँटला कुसळं चिकटलेली. अख्खा काठ पालथा घालून आलेली दिसत होती.

"आई, वृषभ म्हणून कोणी राहतात का इथं? नदीवर त्यांची मोटारखोली आहे, नाव लिहिलेली."

मालक आतनं माझ्याकडं बघत होतं. मी चौकट धरली.

"न्हाय बाबा," मी म्हटलं. "असा कोण न्हाय हितं."

पोरं गेली. मी कडी लावली, आणि दाराला पाठ टेकून लई रडलो.