मैत्रीची माती

बंगळूरच्या बँडमध्ये मैत्री इतकी वर्षं बास गिटार घेऊन मागच्या अंधारात उभी राहिली, की पुढं उजेड असतो हेच ती विसरली होती. गॉथिक रॉक म्हणजे काय, हे तिनं निपाणीच्या तानीआत्तीला एकदा समजावलं होतं: काळे कपडे, डोळ्यांत डबीभर काजळ आणि मरणावरची गाणी.

"मरणावरची गाणी? ती आपल्यात फुकट म्हणत्यात की," आत्ती म्हणाली होती.

मग एके दिवशी मैत्रीनं स्वतःचं मराठी गाणं बँडपुढं ठेवलं. पुढं उभा राहून गाणारा हसला. "तुझ्या एकटीसाठी कोण येणार?" एवढंच म्हणाला. ती गिटार उचलून निघाली ती थेट निपाणीला. आत्तीच्या मागच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा लटकवून, तिनं एकटीनं आख्खा अल्बम केला. आपल्या काळ्या रानावरची गाणी, म्हणून नाव दिलं 'माती'. आणि पहिल्यांदा तो वाजवायचा तो निपाणीच्याच समाजमंदिरात, असं ठरवलं. खुर्च्या सांगून झाल्या, आणि त्याच रात्रीपासून त्या रिकाम्या खुर्च्या तिच्या छातीवर येऊन बसायला लागल्या.

फ्लेक्सचं काम नागेंद्रकडं दिलं होतं. त्यानं फोन केला, आवाज एकदम मऊ.

"मॅडम, खाली कुणाची नावं घालू?"

"घरच्यांची घाला. तानीबाई आणि परिवार."

"फोटो हाच ठेवायचा? डोळं जरा..."

"हाच. तेच तर पाहिजे."

पलीकडं नागेंद्र हळूच म्हणाला, "धीर धरा, मॅडम."

पहिल्या अल्बमसाठी परका माणूस इतकं बोलतो, म्हणून मैत्रीला भरून आलं. "धरलाय," ती म्हणाली. "कधी ना कधी हे व्हायचंच होतं."

शनिवारी बसस्टँडपाशी फ्लेक्स झळकला. काळीकुट्ट पाटी, कोपऱ्यात एक मेणबत्ती, मधोमध काजळात बुडालेले डोळे. मैत्री आण्णाप्पा. माती. रविवारी दुपारी चार, समाजमंदिर. तानीबाई आणि परिवार. त्याचा फोटो फोनाफोनांतून सदलग्यापासून बेळगावपर्यंत फिरला. 'बंगळूरहून आणायला वेळ लागला असंल,' असं लोकांनी आपापसांत ठरवूनही टाकलं. आत्तीच्या घरी मात्र कुणी फोन केला नाही. अशा घरी फोन करून 'खरं काय हो?' असं कोण विचारणार?

रविवारी मैत्रीनं तोंडाला पांढरा रंग फासला, ओठ काळे केले आणि बाजूच्या खोलीतनं सभागृहात डोकावून बघितलं. खुर्च्या भरून माणसं भिंतीला उभी होती. बायका सगळ्या पांढऱ्या साड्यांत, हातात फुलं.

"आत्ती, बघ तरी! मी काळी, सगळी पांढरी! काय डोकं लढवलंय लोकांनी!"

आत्तीनं डोळे बारीक केले. "ही सदलग्याची शालू. माझ्या लग्नाला आली न्हाय, आणि तुझ्या गाण्याला आली?"

"आत्ती... काहीजणी रडाय लागल्यात. मी अजून काय वाजवलं न्हाय."

आत्ती बाहेर गेली. परत आली ती तोंडात पदराचा बोळा कोंबून, आणि धपकन खाली बसली. हसण्यानं तिला बोलता येईना.

"बये, माती म्हंजे काय गं?"

"रान. जमीन."

"आणि आपल्यात कुणी मेलं की माणसं मातीला जात्यात, ती कुठं जात्यात?"

मैत्रीच्या हातातली काजळाची डबी घरंगळत दारापर्यंत गेली.

"म्हणजे माझ्यासाठी कुणीच आलेलं न्हाय."

"तुझ्यासाठीच आल्यात की! फक्त तुझं ऐकाय न्हाय." आत्तीनं डोळे पुसले. "मागच्या दारानं रिक्षा बोलवू?"

मैत्री मागच्या दाराकडं बघत राहिली. एवढा भरलेला हॉल पुन्हा मिळायचा तर खरंच मरावं लागलं असतं. तिनं गिटार गळ्यात घातली आणि पुढच्या दारानं गेली.

"आली गं बाई! उठून आली!" शालूबाई किंचाळली. दोन खुर्च्या आडव्या झाल्या, कुणीतरी कुणाच्या तरी मांडीवर बसलं. मग शालूबाईनंच धीर करून मैत्रीच्या दंडाला चिमटा काढला.

"गरम हाय गं!"

हशा असा फुटला की पंख्यावरची कबुतरं उडाली. पाठोपाठ शिव्या.

"वाटभर रडलो की गं, भवाने!"

"मी तर हिच्या आईला आठवून बी रडून घेतलं!"

"जित्ती हाय, बरं झालं. चला, बस मिळंल."

आणि माणसं उठायला लागली. पिशव्या, चपला, पोरं. मैत्रीनं माइक जवळ ओढला आणि बासची जाड तार छेडली. खुर्च्या थरथरल्या. डोळे मिटून तिनं आवाज सोडला:

*मला पुरू नका खोल,*
*मला उगवायचं हाय...*

दारात पोचलेली शालूबाई थांबली. मागच्या बाया तिच्यावर आदळल्या.

"चल की गं, बस!"

"जाऊ दे बस. गप ऐक."

ती खाली बसली, तशा मागच्याही बसल्या. घरनं तयार करून आणलेलं रडू वाया थोडंच घालवायचं! दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी ते मन लावून काढलं. तिसऱ्याला एकीला, ही बया जिवंत आहे हे मध्येच आठवलं, आणि ती रडता रडता फिसकन हसली. मग एकेक फुटत गेली. पुढच्या गाण्यांना टाळ्या कुठं द्यायच्या हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्या सगळीकडं दिल्या. दोघी म्हाताऱ्या पांढरे पदर खोचून नाचल्या. मैत्री एका गाण्याचे शब्द विसरली आणि तिनं तेच कडवं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तर हॉलनंच म्हटलं.

शेवटी फुलांचा प्रश्न आला.

"मातीला आणलेली फुलं घरी न्यायची नसत्यात," शालूबाई म्हणाली आणि ओंजळभर शेवंती तिनं मैत्रीच्या डोक्यावर ओतली. मग रांगच लागली. मैत्री घोट्यापर्यंत फुलांत उभी, काजळ हनुवटीवर आलेलं, आणि तिला हसू आवरेना.

"दुसरी कधी?" शालूबाईनं विचारलं.

"दुसरी काय?"

"माती गं! सदलग्याला घे की. बोर्डावर तेवढं लिव, जित्ती हाय म्हणून."

"आणि चारला नको," मागनं कुणीतरी ओरडलं. "चारला नळाला पाणी येतंय!"