दुसऱ्या अंकाची वसुली

काटेसाहेबांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण चौतीस वर्षं दुकानदारांची वजनंमापं तपासण्यात गेल्यावर ते कुणाच्या लक्षात राहणार? साहेब बाजारात शिरले की दुकानदार आपोआप उभे राहायचे आणि पारड्याखाली चिकटवलेलं काहीबाही घाईघाईने खरवडायला लागायचे. गेल्या वर्षी साहेब निवृत्त झाले आणि बाजाराने बसून घेतलं. परवा तर एकाने "ओ आजोबा, रांगेत या" म्हणून त्यांना मागे पाठवलं. साहेब गेले बिचारे मागे.

अशात एक दिवस बायको म्हणाली, "अहो, ते न्यायाधीशाचं नाटक पुन्हा लागलंय. चला ना एकदा."

बायकोने कधी काही मागितल्याचं साहेबांना आठवत नव्हतं. मागितलं असेलही, पण तेव्हा ते दौऱ्यावर असणार. तिकिटं तिनेच काढली. वाटेत तिने तीनदा सांगितलं, "पहिला अंक यथातथाच आहे, पण दुसरा नीट बघा हं. झोपू नका." साहेबांनी तीनही वेळा मान हलवली.

पहिल्या अंकाबद्दल ती चुकली नव्हती. चाळिशीतला न्यायाधीश झाले होते कंपनीचे मालक, वय बासष्ट. भिंत पडद्यावर रंगवलेली होती आणि कोणी दार लावलं की ती अख्खी थरथरायची. आत बसलेल्या प्रॉम्प्टरचा आवाज मालकांपेक्षा खणखणीत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळत होतं. मध्यंतर झालं, पडदा उघडला, आणि न्यायाधीश बायकोची क्षमा मागत ढसाढसा रडायला लागले. कशाबद्दल ते कुणालाच कळेना. थोड्या वेळाने पडदा पडला तो पडलाच.

बायको जागची हलली नाही. मांडीवरच्या पिशवीचे बंद तिने घट्ट धरले होते. "दुसरा अंक गाळला हो त्यांनी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

साहेबांच्या डोक्यात सणक गेली. बायको रडते म्हणजे काय करायचं हे त्यांना कधीच उमगलं नव्हतं, पण माप कमी दिलं म्हणजे काय करायचं हे त्यांना पाठ होतं. त्या अंकात असं काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. तिला बाहेरच्या बाकावर बसवून ते तडक रंगमंचामागे गेले.

रंगपटात मालक आरशासमोर मिशीला हात लावून बसले होते. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती : शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत कोणीही रंग पुसणार नाही. ही मालकांची शिस्त, आणि तिचा त्यांना कोण अभिमान! नाटक कसंही होवो, मुलाखतीत ते या पाटीबद्दल बोलल्याशिवाय राहत नसत.

"जाहिरातीत तीन अंक आहेत. तुम्ही दोन दिलेत," साहेब म्हणाले.

"रसिकांच्या आग्रहाखातर प्रयोग आटोपशीर केलाय."

"कुठल्या रसिकाने आग्रह केला? त्याला बोलवा."

कोपऱ्यातून नायिका फणकारली. "रसिक कसला न् काय! त्या अंकात सगळं मी बोलते आणि यांनी पंचेचाळीस मिनिटं खुर्चीत बसून नुसतं ऐकायचं. ते यांना सोसत नाही, म्हणून गाळला."

मालकांचा चेहरा रंगाखालूनही लाल झालेला दिसला. "आजोबा, पैसे परत हवेत का तुम्हाला?"

"मला अंक हवाय."

"मग बसा वाट बघत!"

पुन्हा आजोबा! साहेबांनी पाटी शांतपणे दुसऱ्यांदा वाचली, मालकांना नमस्कार केला आणि बायकोला घेऊन घरी गेले.

पुढच्या प्रयोगाला ते एकटेच आले, पहिल्या रांगेत, मधोमध. शेवटचा पडदा पडला, लोक जांभया देत बाहेर पडले. साहेबांनी पिशवीतून डबा काढला, मांडीवर रुमाल पसरला आणि सावकाश जेवायला लागले. डोअरकीपर आला. "साहेब, नाटक संपलं."

"माझं नाही संपलं. पंचेचाळीस मिनिटं बाकी आहेत. मालकांनीच वाट बघत बसायला सांगितलंय."

डोअरकीपर आत जाऊन आला, पुन्हा आत गेला. साहेब जेवून शब्दकोडं सोडवत बसले. आत सगळी मंडळी रंगासकट ताटकळलेली. डिंकाने चिकटवलेल्या मिशीखाली घाम आला की काय होतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मालक तर जाड काळ्या झग्यात होते. पंचेचाळीस मिनिटं झाली तसे साहेब उठले, "येतो हं" म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या प्रयोगाला तेच, चौथ्याला तेच. मालकांनी दिवे घालवून पाहिले. साहेबांनी खिशातून बॅटरी काढली. झाडणाऱ्या बाईला पाठवलं. साहेबांनी पाय वर घेतले आणि तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली. पाचव्या प्रयोगाला मालकांनी नवीन युक्ती काढली. प्रत्येक वाक्यानंतर ते दूरवर बघत उभे राहायला लागले आणि पहिला अंक चांगला अर्धा तास लांबला. पण पाणी मारून धान्याचं वजन वाढवणारे साहेबांनी थोडे पाहिले होते? ते त्या दिवशीही पंचेचाळीस मिनिटं बसलेच.

"मालक, पाटी काढून टाका," कंपनीतला म्हातारा नट गाल खाजवत म्हणाला.

"पाटी काढू? मी? लोक काय म्हणतील?" मालक ओरडले. अभिमान आणि खाज यांच्यात त्यांचा पार भुगा झाला होता.

तोवर गावात बोभाटा झाला. सहाव्या प्रयोगाला आणखी आठ माणसं बसून राहिली, सातव्याला चाळीस. बंद पडद्यासमोर लोक मांडी ठोकून बसायचे आणि आतून कोणी करवादलं की मनापासून टाळ्या वाजवायचे. "सगळ्या नाटकात हाच भाग काय तो जमलाय," असं एक गृहस्थ बाहेर पडताना मालकांच्या तोंडावर म्हणाले.

घरी साहेब रोज खबर द्यायचे, "आज मालक पडद्याच्या फटीतून डोकावला, मिशी अर्धी लोंबत होती." बायको खुदकन हसायची आणि लगेच विचारायची, "पण अंक? अंक करणार का हो ते?"

"न करून सांगतो कुणाला!"

आठव्या प्रयोगाच्या दिवशी मालकांनी हात टेकले. स्वतः पहिल्या रांगेपर्यंत आले. गालावर पुरळ उठलं होतं. "रविवारी करतो तुमचा दुसरा अंक. मग तरी उठाल ना?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी साहेबांसमोर अपराध्यासारखं उभं होतं. काय बरं वाटलं त्यांना! घरी येताना ते बाजारातून मुद्दाम छाती काढून चालले.

रविवारी नाट्यगृह भरलं होतं. बायको ठेवणीतली साडी नेसून साहेबांच्या शेजारी बसली. पहिला अंक नेहमीसारखा पडला. मग दुसऱ्याचा पडदा उघडला. न्यायाधीश कामावरून घरी येऊन खुर्चीत बसले होते आणि त्यांची बायको पाण्याचा पेला घेऊन समोर उभी होती.

नायिका काही फार थोर नव्हती. हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. पण इतके महिने तोंडात दाबून धरलेलं ती बोलत होती, आणि प्रॉम्प्टरची तिला एकदाही गरज पडली नाही.

"दिवसभर चोराचंसुद्धा ऐकून घेता तुम्ही," ती म्हणाली. "माझं कधी ऐकलंत? माझी आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी आलात. पाहुण्यासारखे बसलात, दोनदा घड्याळ पाहिलंत, आणि माझ्या भावाला विचारलंत, परतीची गाडी किती वाजता आहे."

अंकाची मिनिटं मोजायला साहेबांनी मनगट वर केलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांची सासू गेली तेव्हा ते दौऱ्यावर होते. चौथ्या दिवशी नव्हे, सहाव्या दिवशी पोचले होते. गाडीचं त्यांनी मेव्हण्याला विचारलं होतं. घड्याळाचं आठवत नव्हतं, पण पाहिलं असणार.

ते हळूच शेजारी वळले. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मंचाकडे बघत होती आणि तिचे ओठ नायिकेबरोबर हलत होते, एक शब्दही मागेपुढे न होता. आपण बायकोची बाजू घेऊन इतके दिवस कुणाविरुद्ध लढत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

तिकडे मालक खुर्चीत अंग चोरून बसले होते. त्यांना खरोखरच लाज वाटत होती की पुरळ खाजत होतं, कोण जाणे. पण अंक संपल्यावर उभ्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या त्यांना मिळाल्या. नायिकेला त्याहून जास्त.

दिवे लागले. साहेब बायकोकडे वळले. "तू हे कधी बघितलं होतंस?"

"ताईबरोबर, लागोपाठ पाच प्रयोग. बावीस वर्षं झाली."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगतच होते," बायको म्हणाली.

तिसऱ्या अंकात न्यायाधीश रडले तेव्हा आता सगळ्यांना कारण माहीत होतं. साहेबांना मात्र त्यातलं काही दिसलं नाही. पडदा पडल्यावर ते सगळ्यांच्या आधी उठले. पडद्याच्या फटीतून बघणाऱ्या मालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकून मिशी ओढली.

दोघं रस्त्याला लागून चौकात आले. मग साहेब म्हणाले, "तुझी आई गेली, त्या दिवशी काय काय झालं?"

बायकोने थांबून त्यांच्याकडे बघितलं. ते बोलायचं म्हणून विचारताहेत की खरंच, हे ती बघत होती. मग ती सांगायला लागली. आई पहाटे उठून बसली होती, तिने खिडकी उघडायला सांगितली होती, तांब्या कुठे ठेवलाय ते विचारलं होतं. साहेब ऐकत चालले. मध्ये बोलावंसं त्यांना दोनदा वाटलं, पण बोलले नाहीत.

घर आलं तरी तिच्या सांगण्यात अजून सकाळचे नऊही वाजले नव्हते. सवयीने ती थांबली आणि साहेबांना कुलूप उघडू द्यायला बाजूला झाली. साहेबांनी किल्ली काढली नाही. ते पायरीवर बसले, शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाले, "मग?"