नऊ किल्ल्यांची फळी

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, कपबशांची नव्हे आणि पाट्यांचीही नव्हे, लॉजमध्ये काउंटरच्या मागे टांगतात ती किल्ल्यांची फळी. अंगावर नऊ हूक, एका कोपऱ्याला चीर आणि रंग कधीचा उडालेला. पण माझं मूळ विचाराल तर मी गाडीची. ओतूरच्या एका बैलगाडीच्या साटीत, म्हणजे माल ठेवायच्या तळात, माझं लाकूड होतं. बाजार, जत्रा, शेताचे बांध, सगळीकडे हिंडलेलं. १९९२ साली ती गाडी मोडीत निघाली. जानकू सुताराने त्यातला बाभळीचा एक बरा तुकडा रंधून मला घडवलं आणि आळेफाट्यावर आणून भिंतीला ठोकलं. जिथून सगळं जग कुठे ना कुठे निघालेलं असतं, नेमकं तिथे मला खिळ्याला बांधलं! तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

लॉज होता महंमद हनीफ यांचा. जागा दोन भावांची. मोठे इस्माईलभाई जुन्नरला कापडाचं दुकान चालवत आणि हनीफभाई, त्यांची बायको रहिमाबी आणि साफसफाईला येणाऱ्या लंकाबाई, एवढ्यांनी लॉज चालवायचा. नऊ खोल्या, नऊ कुलपं, प्रत्येक किल्लीला आकड्याचा पितळी बिल्ला. पाहुणा आला की किल्ली जायची, पाहुणा गेला की परत यायची. किल्ली गेली म्हणजे खोली भरली. माझ्याकडे एक नजर टाकली की लॉजची नाडी कळायची.

ती पहिली वर्षं काय सांगू! तेव्हा माणसं मुक्कामाला येत. कांद्याचा व्यापारी चार-चार दिवस खोली सोडत नसे, कारण भाव कळायला त्याला इथेच बसावं लागे. बियाणं विकणारे, पंप दुरुस्त करणारे, शेवटची एसटी चुकलेले, पोरीचं लग्न ठरवायला आलेले, सगळे माझ्यासमोर उभे राहत. "हनीफभाई, आपली ती तीन नंबरची द्या," असं हक्काने म्हणत. दिवसेंदिवस माझे हूक उघडे असायचे. हूक उघडे असले की मला फार बरं वाटे, कारण माझ्या किल्ल्या तरी कुठेतरी फिरून येत होत्या.

मग हळूहळू वारं फिरलं. रस्ते सुधारले, जीपगाड्या वाढल्या, माणसांच्या खिशात फोन वाजायला लागले. व्यापारी घरबसल्या भाव विचारू लागला. चार दिवसांचा मुक्काम दोनावर आला आणि दोनाचा एका रात्रीवर. पुढे पुढे तर लोक म्हणायचे, "नुसती आंघोळ करायचीय, तासभर खोली मिळंल का?" किल्ली गेली न गेली तोच परत, अंगाला जरा साबणाचा वास घेऊन. त्यातच समोर तीन मजल्यांचा नवा लॉज उभा राहिला, काचेच्या दाराचा. माझ्यावर किल्ल्यांची गर्दी वाढली. एसटी गेली की धक्क्याने सगळ्या एकदम खुळखुळत. तो आवाज ऐकला की हनीफभाई चमकून मागे बघायचे.

इस्माईलभाई आले की आधी माझ्याकडेच बघत. एकदा म्हणाले, "हनीफ, नऊच्या नऊ लटकतायत की रे. कशाला हा धंदा? भिंती पाडू आणि कांद्याला गोदाम काढू. भाडेकरू मी आणतो."

हनीफभाईंचा चेहरा पडला. पाहुणा आला की ज्याचे पाय जमिनीला लागत नसत, असा हा माणूस गोदामाला कुलूप लावून काय करणार होता? "यंदाचा हिवाळा जाऊ द्या भाईजान," ते म्हणाले. "गिऱ्हाईक वाढंल."

"बघू. हिवाळ्यात फळी रिकामी दिसली तर मी पुन्हा गोदामाचं नाव काढणार न्हाई."

आणि मित्रांनो, तिथून माझी घालमेल सुरू झाली. भाऊ कधीही टपकेल, म्हणून हनीफभाई रोज सकाळी माझ्यावरच्या सात किल्ल्या काढायचे आणि कोटाच्या खिशात टाकायचे. मागे दोनच ठेवायचे. लंकाबाईंना बजावलं होतं, "कुणी इचारलं तर दोनच खोल्या हायेत म्हणायचं. बाकी फुल्ल."

"आन् खरंच कुणी रहायला आलं तर?"

"मी हाय की हितंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, लंकाबाई."

रहिमाबींना हे पटत नव्हतं. त्या कपाळाला हात लावून आत निघून जायच्या. मलाही पटत नव्हतं, पण फळीला कोण विचारतं? अंगावर खोटं वागवत मी दिवसभर भिंतीवर तळमळत असे. रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी थांबावी असंही वाटे आणि थांबू नये असंही वाटे.

व्हायचं ते झालं. २००५ चा हिवाळा होता. जवळच्या आळे गावात कुणाची तरी मयत झाली म्हणून हनीफभाई दुपारी घाईने निघाले, ते सात किल्ल्या खिशात घेऊनच. रहिमाबी मागच्या अंगणात चादरी धूत होत्या. इकडे इस्माईलभाई येऊन खुर्चीत बसले. दोनच किल्ल्या पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात बाहेर गलका झाला. लेण्याद्री-ओझर करून शिर्डीला निघालेली कराडकडची एक बस फाट्यावर बंद पडली होती. पिशव्या, वळकट्या घेतलेली पंचवीस-तीस माणसं दारात उभी राहिली. काउंटरशी लंकाबाई होत्या. ड्रायव्हर सावळेराम पुढे झाला.

"ताई, क्लच गेलाय. पार्ट पुण्यास्नं यायचा हाय. समद्यांची सोय व्हईल का?"

मी ओरडून ओरडून सांगत होते, आहेत, नऊही खोल्या आहेत! पण लाकडाचा आवाज फुटतो कुठे? लंकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, इस्माईलभाईंकडे पाहिलं, आणि शिकवलेलं इमानाने म्हटलं, "दोनच हायेत, भाऊ. बाकी लॉज फुल्ल हाय."

माणसं वळली. घोळक्यातली एक म्हातारी, ठकूबाई, दारातच रेंगाळली. "हितं बरं व्हतं बाई, जिना न्हाई," असं म्हणाली, पण सोबत सोडून एकटी कशी राहणार, म्हणून तीही गुडघ्यावर हात टेकत समोरच्या काचेच्या दारात शिरली. रहिमाबी ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या तेव्हा दार मोकळं झालं होतं. सांगणार काय? खोल्या रिकाम्या, पण किल्ल्या आळ्यात!

हनीफभाई परतले तर इस्माईलभाईंनी त्यांची पाठ थोपटली. "मानलं तुला! डोळ्यांदेखत एवढी माणसं परत गेली, जागा न्हाई म्हणून. गोदामाचं नाव काढणार न्हाई मी. आज इथंच राहिलो असतो, पण उरलेल्या दोन खोल्या गिऱ्हाईकाला ठेव." आणि हसत हसत ते जीपमध्ये बसले. त्यांना निरोप द्यायला हनीफभाईंनी हात उचलला, तेव्हा कोटाच्या खिशात किल्ल्या वाजल्या. इस्माईलभाईंना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. हनीफभाईंना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते एकटेच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या गच्चीवर नऊवारी लुगडी वाळत होती. हनीफभाई चहा न पिता तिकडे बघत राहिले. रहिमाबी आल्या. खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी सातही किल्ल्या काढल्या आणि एकेक करून माझ्या हुकांना अडकवल्या.

"भाऊ आला तर?" हनीफभाई म्हणाले.

"येऊ द्या. दार उघडं ठिवून पावण्याला परत धाडायचं, ह्याच्यापरीस गोदाम बरं."

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. समोर वीज गेली होती, गिझर थंड होते आणि आमच्या अंगणातल्या बंबाचा धूर ठकूबाईंना दिसला होता. "बाळा, कळशीभर ऊन पाणी देतोस का? पाय लई ठणकत्यात," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. "आगं बया! ह्या तर समद्या किल्ल्या हितंच! काल फुल्ल व्हतं न्हवं?"

हनीफभाईंनी मान खाली घातली. "न्हाई आजी. कालबी रिकामंच व्हतं. रिकामं दिसू नये म्हणून मी लपवत व्हतो."

ठकूबाई काठीचं टोक मला हलकेच लावून म्हणाल्या, "रिकामं व्हतं म्हनूनच तर जागा मिळाली आस्ती न्हवं, लेका? दे ती एक नंबरची. जिना चढून गुडघं गेलं माझं."

ठकूबाईंच्या मागोमाग सगळी बस आली आणि तासाभरात माझे सगळे हूक उघडे झाले. बंबाला उसंत नव्हती. बस दुरुस्त होईपर्यंत ती माणसं इथेच राहिली. आणि त्या गर्दीतच हनीफभाईंनी भावाला फोन लावला. "भाईजान, काल लॉज रिकामा व्हता. किल्ल्या माझ्या खिशात व्हत्या." मला वाटलं, संपलं.

इस्माईलभाई आठवड्याने आले. रागावले, बोलले. शेवटी पाच खोल्या कांद्याला गेल्या आणि चार पाहुण्यांना राहिल्या. पाच खोल्यांच्या भिंती पडताना मी हादऱ्यांनी थरथरत होते, तेव्हाच ही चीर पडली. खऱ्याची किंमत हनीफभाईंना मोजावी लागली, हे मी लपवणार नाही. पण त्या दिवसानंतर त्यांच्या खिशात कधी किल्ली वाजली नाही.

आता २००९ उजाडलंय. शनिवार-रविवारी शिवनेरी बघायला कुटुंबं येतात, अवसरीच्या कॉलेजात पोराला सोडून परतणारे आईबाप येतात. इतर दिवशी शांतता. रिकाम्या पाच हुकांना रहिमाबी लसणाच्या जुड्या अडकवतात. सणाला तेलाचा बोळा फिरवला तर माझी चीर वाढणार नाही, पण ते कुणाला आठवत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या लाकडाला तेवढा तेलाचा हात द्या. आणि कुठे मुक्कामाला गेलात तर निघताना किल्ली खिशातून घेऊन जाऊ नका, फळीला अडकवा. तिच्याशिवाय फळीला खरं सांगता येत नाही.

आज मंगळवार. माझ्यावर चारही किल्ल्या आहेत, म्हणजे चारही खोल्या रिकाम्या आहेत. बंब पेटलेला आहे. या.