मोकळी ठेवलेली लहर

"आई, गॅस बंद करा आधी!" असं ओरडत सुखदाने स्पीकरफोनचं म्यूट दाबलं. कुकरच्या शिट्ट्या थेट जिनिव्हात पोचत होत्या.

न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हट गावात संध्याकाळ होती, तिकडे सकाळ. घरोघरी येणाऱ्या फायबरचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी समिती फोनवर जमली होती. माझी बायको त्या समितीत न्यूझीलंडतर्फे बसायची, म्हणजे आमच्या डायनिंग टेबलाशी. मी फार्मासिस्ट. तिने समजावलं तेवढंच मला कळतं. काचेच्या एकाच तारेतून प्रकाशाच्या वेगवेगळ्या लहरी जातात. घरातून बाहेर जाणाऱ्या प्रकाशाला लहरींचा भलामोठा पट्टा दिलेला होता, बाकावर एकट्याने ऐसपैस मांडी घालून बसावं तसा. सुखदा म्हणत होती, त्याला जरा सरकवा. उद्या वेगवान सेवा आली तर त्याच तारेत तिला जागा हवी, नाहीतर पुन्हा रस्ते खणत बसा.

स्वस्त लेझरची लहर थंडी-उन्हात सरकते, ते अरुंद पट्ट्यात मावायचे नाहीत, असं सगळे धरून चालले होते. सुखदाने वर्षभर आमच्या गॅरेजमध्ये त्याच लेझरची लहर मोजली होती. इथली घरं आतूनच इतकी गारठतात, तिथे गॅरेजचं काय सांगावं! गाडी बिचारी बाहेर दवात कुडकुडत होती.

"पट्टा आहे तसाच ठेवू या. कुणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं.

सुखदा बोलू लागली. फार सुरेख, मुद्देसूद बोलली.

"कुणीच काही म्हणत नाही. म्हणजे ठरलं," तिकडून आवाज आला.

तिचा चेहरा उतरला. "ऐकूनसुद्धा घेत नाहीत रे, विवेक."

"अगं, म्यूट!"

तिचा हात बटणापाशी जाऊन थांबला. "आता ठरलं म्हणाले ना. मध्येच कसं तोडायचं?"

"काय झालं?" माझ्या आईने विचारलं. मी सांगितलं. "मग बोल की गं! आमच्या लग्नाच्या बैठकीत मी अशीच गप्प बसले, तर होकार धरून मोकळे झाले सगळे!"

वडिलांबद्दलचं हे मत मला प्रथमच कळत होतं. सुखदाने बटण दाबलं.

"सॉरी, माझी हरकत आहे. लहर सरकते, पण अरुंद पट्ट्याबाहेर एकही लेझर गेला नाही. माझी मोजमापं तुमच्यासमोर आहेत."

जपानचा प्रतिनिधी खाकरला. "आमच्याकडेही हेच दिसलंय."

अध्यक्षांनी प्रश्न फिरवला. पट्टा अरुंद करायला कुणाची हरकत?

कुणीच बोललं नाही.

"ठरलं!"

सुखदाने आईला उचलून गर्रकन फिरवलं. "स्वीट ॲज, आई! एकदम झकास! जिंकलो आपण!" मला तिचा इतका अभिमान वाटला की मी अर्धवट शिजलेला भात दोनदा वाढून घेतला.

पुढच्या वर्षी ते नियम छापून आले. त्यात कुणाचंच नाव नसतं. आईने पानं उलटून पाहिली. "यात तुझं काय गं?"

आकृतीतल्या दोन पट्ट्यांमधल्या कोऱ्या भागावर सुखदाने बोट ठेवलं. "ही मोकळी जागा."

"कुणाला ठेवलीस?"

"पुढे जो येईल त्याला."

आईने चष्मा पदराने पुसला आणि त्या कोऱ्या जागेकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.